कडू नसलेल्या गोळ्या

लग्न होऊन मी पवनीला आले त्याच महिन्यात मला मलेरियाने धरलं, आणि त्या तापात मी माझ्या सासऱ्यांवर जी चिडले ती पुढे कितीतरी दिवस चिडलेलीच होते. आमचं औषधाचं दुकान घरातच. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. नव्या सुनेला ताप आला म्हटल्यावर गोळी आत पाठवून द्यावी की नाही? छे! मामाजींनी मलाच दुकानात बोलावलं. चार गिऱ्हाईकं समोर उभी, माझ्या डोक्यावरून पदर, अंगात हुडहुडी, आणि हे म्हणतात, "घे सूनबाई, इथंच." घेतली. कडूजहर! जीभ, घसा, कान, सगळं कडू झालं. डोळ्यांतून पाणी आलं. तर वरून म्हणाले, "आता आ कर." त्या परक्या माणसांसमोर मी आ केला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी तुमसरची. राइस मिलच्या भोंग्यावर उठणारी, तोंडाने फटकळ. माहेरी मला कोणी असं केलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं मी. पण सासर नवं होतं. गिळली, गोळी पण आणि राग पण.

हळूहळू कळलं की हा छळ माझ्या एकटीच्या वाट्याचा नव्हता. दुकानाचा तो रिवाजच होता. हिवतापाच्या गोळ्या घ्यायला जो येईल त्याने पहिली गोळी तिथेच, मामाजींच्या डोळ्यांदेखत गिळायची. काउंटरवर पितळेचा गडू भरलेला, शेजारी गुळाची ढेप. तोंड उघडून दाखवलं की गुळाचा खडा मिळे. मग समोर गडी असो की गावचा पाटील, सुटका नाही. लोक त्यांना काकाजी म्हणत आणि पाठीमागे बरंच काही म्हणत.

त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. आमच्याकडच्या माणसांनी गोळ्या घरी नेल्या की त्या गोळ्यांना पाय फुटत. दोन दिवस खायच्या, ताप उतरला की उरलेल्या चिंधीत बांधून धानाच्या कोठीपाशी ठेवायच्या, आणि सोयरा आला, कण्हायला लागला, की मोठ्या मनाने काढून द्यायच्या. चांगली वस्तू एकट्याने कशी खायची! लेक सासरी निघाली की तिच्या पिशवीत चिवडा, अनारसे आणि उरलेल्या गोळ्या. मामाजी ओरडत, "अर्ध्या खाशील तं ताप अर्धाच जाईन!" ऐकतो कोण? म्हणून हा गडू आणि ही ढेप. निदान एक तरी गोळी विकत घेणाऱ्याच्याच पोटात गेली हे त्यांना पाहायचं असे. त्यामुळे आमच्या दुकानात दिवसभर शिव्या ऐकू येत. "मेलो रे बाप्पा!" "काकाजी, माणूस मारता का?" "थू थू थू!" मागे स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता मी ते ऐकायची आणि मला बरं वाटायचं, की चला, माझ्यासारखे अजून आहेत.

मामाजी बोलायला मोजके. हसताना मी त्यांना फार पाहिलं नाही. दुकानावर पाटी त्यांची, धोतर पांढरं सफेत, आणि तब्येतीबद्दल कोणी थाप मारली की कपाळाला अशी आठी पडायची की थाप मारणारा आपोआप खरं बोलायला लागे. माझा त्यांच्याशी छत्तीसचा आकडा होता, पण एक गोष्ट मी तेव्हाही कबूल करायची. गरिबाला आणि श्रीमंताला त्यांचा एकच आवाज असे.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. दिवाळीच्या आधी मामाजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते घरी आले, आणि डॉक्टरने सांगितलं, खाली वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, दुकानात बसायचं नाही. दुकान आमच्या ह्यांच्या हाती आलं. आमचे हे म्हणजे भोळा सांब. कोणी गोड बोललं की झालंच. नेमका त्याच दिवसांत एक एजंट आला. सफारी घातलेला, केसांना तेल, हातात कातडी बॅग. वरठी स्टेशनावर उतरून एसटीने आलो म्हणाला. त्याने हिवतापाच्या गोळ्यांचा डबा काढला. डब्यावर कुठल्या तरी परदेशी लिपीतली अक्षरं, खाली थोडं इंग्रजी, चांदीसारखी चकचकीत पाकिटं. माल बाहेरच्या देशातला आहे, मुंबईच्या बंदरात उतरतो, आम्ही खास ओळखीच्यांनाच देतो, म्हणाला. हे पाघळले. ताप तर त्या वर्षी घरोघर होता, आणि नेहमीचा माल वेळेवर येत नव्हता.

आणि तो गडूचा, गुळाचा, आ करण्याचा रिवाज? ह्यांनी तो पहिल्याच दिवशी बंद केला. लाज वाटायची म्हणे लोकांना तोंडं उघडायला लावायची. मलाही तेव्हा बरंच वाटलं.

मग मौज झाली. लोक त्या गोळ्यांवर खूश! चारच दिवसांत गावोगाव झालं की पवनीच्या काकाजीच्या दुकानात विलायती गोळी आली, खाल्ली तरी कडू लागत नाही. लेकरं गुपचूप खातात, गरोदर बाईला मळमळत नाही. नदीपलीकडून माणसं येऊ लागली. "कडू नाही त्या द्या." कोणाला संशय म्हणून नाही! औषध कडू असतंच, ही तर आमच्या लोकांची खात्री, पण विलायती म्हटल्यावर त्या खात्रीचीही सुट्टी. इंग्रजांची बिस्किटं असतात तशी गोळी पण असणार, असं आमच्या शेजारच्या काकू मला समजावून सांगत होत्या. त्यात दिवाळी. फराळाच्या डब्यासोबत त्या गोळ्या कुठून कुठे गेल्या, ते देवालाच ठाऊक.

भाऊबीजेला माझी नणंद आली. मामाजींची एकुलती एक लेक. नदीपलीकडे, जंगलाच्या कडेच्या गावात दिलेली. सातवा महिना चालू होता तिला, पहिलंच. त्या गावात ताप फार, म्हणून परत निघाली तेव्हा मामाजी स्वतः उठून दुकानात गेले, पट्टीखालून चाचपत त्या चकचकीत गोळ्या त्यांनी काढल्या आणि तिच्या पिशवीत आपल्या हाताने ठेवल्या. "ताप आला की लगेच घेजो, वाट नको पाहू," म्हणाले. ती हसली. लाडकी होती ती. घरात त्यांच्याशी उलटून बोलण्याची हिंमत फक्त तिची.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मामाजी डॉक्टरचं न ऐकता दुकानात येऊन बसले. दिसत काही नव्हतं फारसं, पण घरात बसून जीव विटला होता. खुर्चीत नुसते बसून राहिले. बराच वेळ झाल्यावर ह्यांना म्हणाले, "आज कोणी शिव्या काहून देऊन नाही राहिलं?"

हे हसले. "नवा माल आहे बाबा. कडू नाही."

दुकानात एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली होती. तिने तिथेच पोरीला गोळी दिली होती, ती म्हणाली, "पाहा ना काकाजी, पोट्टी दुसरी मांगून राहिली!" आणि सगळे हसले. मामाजी हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "मले दे एक." गोळी तोंडात टाकली आणि चावली. चावतच राहिले. मग ह्यांना म्हणाले, "जुन्या बाटलीत काही आहेत का? त्या आण." जुन्या कंपनीच्या गोळ्या तळाशी उरल्या होत्या. त्यातली एक चावली, आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की ती पोरगी आईच्या मागे लपली.

त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आम्हाला सगळ्यांना बोलावलं. सासूबाईंना, मला, ह्यांना. प्रत्येकाच्या हातावर एक नवी आणि एक जुनी. "चावा." मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. नवी गोळी म्हणजे खडूचा तुकडा, पिठूळ, थोडी गोडसर. जुनी दाताखाली आली मात्र, सासूबाई तोंड धरून विहिरीकडे पळाल्या. ह्यांचा चेहरा उतरत गेला. कडवटपणाने नाही, समजून चुकले म्हणून.

तो माल कुठून आला होता ते आम्हाला कधीच कळलं नाही. एजंटने दिलेल्या नागपूरच्या पत्त्यावर पुढे हे जाऊन आले, तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पुष्कळ वर्षांनी मी वर्तमानपत्रांत वाचू लागले, की खोट्या औषधांचा धंदा किती देशांत पसरलेला असतो. एका ठिकाणी पीठ दाबून गोळ्या करतात, दुसऱ्या ठिकाणी डबे छापतात, तिसऱ्या बंदरात माल चढतो, चौथ्यात उतरतो, आणि जातो कुठे, तर जिथे डास आहेत, ताप आहे आणि विचारणारं कोणी नाही तिथे. आमच्यासारखीच भात लावणारी, तळ्याकाठची गावं असतील ती, कुठल्या कुठल्या मुलुखातली. तिथल्या बायकाही लेकीच्या पिशवीत गोळ्या घालत असतील. ज्यांनी हे केलं त्यांचं तळपट होवो! माझ्या तोंडून हे आजही निघतं आणि मला त्याचं काही वाटत नाही.

त्या दिवशी मात्र आमच्यासमोर फक्त तो डबा होता. हे म्हणाले, "बाबा, मी माल परत करतो. उरलेला उकिरड्यात टाकू. नेहमीचा माल आला की तो विकू. कोणाला काही बोलायचं नाही. गावभर झालं तर दुकान बसन."

"बसू दे," मामाजी म्हणाले.

"माल मी आणला. तुमचं नाव कशाला खराब करता?"

"पाटी कोणाची हाय दुकानावर?" एवढंच ते बोलले. आणि मग एकदम थांबले. हात डोळ्यावरच्या पट्टीकडे गेला. "पोरीले देल्ल्या मी," म्हणाले. "माझ्या हातानं देल्ल्या."



त्याच संध्याकाळी मामाजी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरसाहेब भला माणूस. दवाखान्यातल्या गोळ्या दिल्या, गरोदर बाईला कशा द्यायच्या ते सांगितलं आणि म्हणाले, जेवढ्या लोकांना पाठवाल तेवढ्यांना मी देतो. सकाळी आम्ही नदीपलीकडे निघायची तयारी करतो आहोत तोच नणंदेचा धाकटा दीर सायकल हाणत दारात. घामाघूम. "वहिनीले ताप हाय. तुम्ही देल्लेल्या गोळ्या घेऊन राहिली, पण उतरूनच नाही राहिला. वहिनी म्हणते, बाबाले बोलाव."

मामाजींनी काठी घेतली, मी गोळ्यांची पुडी कमरेला खोचली. हे दुकानात थांबले, कारण माल परत घ्यायला कोणीतरी हवं. मी, मामाजी आणि तो दीर, तिघं घाटाच्या वाटेला लागलो. डोंग्यानं नदी ओलांडली की तिचं गाव जवळ पडे. मामाजींना धड दिसत नव्हतं, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा सासरा तेव्हा पवनीत कोणी पाहिला नसेल. पण लाजायला वेळ कुणाला होता? मला सारखं तेच दिसत होतं. ती हसरी पोरगी, तिचं पोट, आणि पोटात चाललेलं ते पीठ.

घाटाच्या अलीकडच्या गावात त्या दिवशी मंडई होती. आमच्या भागात दिवाळी सरली की रोज कुठल्या ना कुठल्या गावची मंडई असते. जत्राच ती. लेकी-जावई, सोयरेधायरे सगळीकडून जमतात. उकडलेले शिंगाडे, ऊस, गोडशेव, विड्याची पानं, आणि भर दिवसा खडीगंमत. मोकळ्या मैदानात लोकांचं रिंगण, मध्ये डफ घेतलेला शाहीर, साडी नेसलेला नाच्या, आणि सवाल-जवाब. घाटावर पोचलो तर डोंगा काठाला बांधलेला आणि डोंगेवाला गायब. कुठे असणार? मंडईत. पहिल्या रांगेत बसून पान चघळत गंमत पाहत होता.

मामाजींना तसंच खांद्याशी घेऊन मी गर्दीत घुसले. त्याच्या दंडाला धरून ओढलं. "भाऊ, चल, बाई आजारी आहे." तो "हव, हव, एवढा सवाल होऊ दे" म्हणतोय, आणि माझा संताप संताप होतोय. तेवढ्यात माझ्या खांद्यावरचा हात सुटला. मागे वळून पाहते तर मामाजी रिंगणात! काठी टेकत, हिरवी पट्टी, पांढरं धोतर, शाहिराच्या दिशेने चाललेले.

लोकांना वाटलं नवीन सोंग आलं. शिट्या वाजल्या. "आला रे, आंधळा सासरा आला!" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. नाच्याने कंबर हलवून त्यांच्याभोवती एक गिरकी घेतली. ज्या माणसासमोर पाटील आ करत असे त्याची ही टर! मला रडू यायला लागलं. पण शाहिराने ओळखलं. त्याने डफ खाली केला, नाच्याला मागे सारलं आणि हात जोडले. "काकाजी?"

मामाजींनी खिशातून दोन गोळ्या काढल्या. एक तोंडात टाकली आणि चावली. तोंड वेडंवाकडं झालं, पट्टीखालून पाणी आलं. लोक पोट धरून हसले. मग दुसरी चावली. चणे खावेत तशी खाल्ली, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. लोक अजून हसत होते. "दोन्ही एकाच तापाच्या गोळ्या," ते म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता, त्यामुळे लोकांना गप्प बसावं लागलं. "कडू ती खरी. ही दुसरी, विलायती, हिच्यात औषध नाही. नुसतं पीठ हाय. ही मी तुमाले इकली."

मुलाचं नाव नाही, एजंटचं नाव नाही. मी इकली.

"घरी जा. चिंधीत बांधून ठेवल्या असतीन त्या सोडा. एकेक जिभेवर ठेवा. कडू लागली तं खा. नाही लागली तं माझ्याकडं आणून द्या, खरी घेऊन जा. आणि ज्याले ज्याले तुम्ही त्यातल्या देल्ल्या, मामाले, साळ्याले, लेकीले, त्याले आजच सांगा. ताप घेऊन घरी बसू नका. दवाखान्यात डॉक्टरसाहेब बसले हायत."

एक माणूस उभा राहिला. "मंजे माह्या पोट्ट्याचा ताप त्याच्याच पायी नाही उतरून राहिला?"

"हव."

"आन् तुमाले आता समजलं?"

"काल समजलं." मामाजी काही लपवत नव्हते, काही मागतही नव्हते. तो माणूस तसाच उभा राहिला. त्याला काहीतरी जोरात बोलायचं होतं, शिवीच द्यायची असेल. ती त्याने गिळली, पोराच्या आईला हाक मारली आणि दोघं ताडताड निघून गेले. माझी खात्री आहे की ते थेट दवाखान्यात गेले.

"तुमच्या घरी खाल्ल्या का कोणी?" मागून कोणीतरी टोमणा मारला.

"माझी पोरगी खाऊन राहिली. नदीपलीकडं. सातवा महिना हाय तिले. ताप चढला हाय."

मग पुढे बसलेली एक म्हातारी, तोंडातलं पान बाजूला करून, अगदी आईच्या तळमळीने म्हणाली, "अगा बाप्पा, मंग तू इथं काय करून राहिला?"

माझ्या मनातला प्रश्न होता तो. माझ्या ओठांवरच होता.

"तिच्याकडं सून जाऊन राहिली," मामाजी म्हणाले. "तुमच्याकडं कोणाले पाठवू?"

डोंगेवाला न सांगता उठला. मी आणि तो दीर त्याच्या मागे धावलो. मागे पाहिलं तेव्हा माणसं मामाजींच्या भोवती जमली होती, आणि शाहीर लोकांना एका बाजूने बसवत होता. डोंगा पाण्यात गेला तरी मला ती पांढरी आकृती दिसत होती. मी काय सांगू? मला त्यांचा राग आला होता, जळजळीत राग, आणि त्याच वेळी ऊर भरून आला होता. असा माणूस आपल्या घरात आहे आणि आपण त्याच्यावर रुसत बसलो, असंही वाटत होतं. आणि लेकीला आधी बाप हवा असतो हेही मला कळत होतं, मी पण लेकच ना कोणाची तरी.

नणंद खाटेवर होती. अंगाला हात लावला तर तव्यासारखं अंग. मला पाहून तिचे डोळे माझ्या मागे गेले. "बाबा?"

"येतात मागून," मी म्हटलं. तिला बसवलं, दवाखान्यातली गोळी दिली. तिने नेहमीसारखी जिभेवर ठेवली आणि पाणी तोंडाशी नेईपर्यंत कळवळली. "मेली माझी जीभ! वहिनी, काय देल्लंस हे?" मी हसले, रडले, तिच्या तोंडात गूळ कोंबला. तिची सासू माझ्याकडे बघतच राहिली.

तिच्या दिरानं घरात मंडईची सगळी हकीगत सांगितली. सांगू नको म्हणून मी डोळे वटारले, पण त्याला कुठलं राहवतंय! त्याला तर वाटत होतं काय पराक्रम पाहून आलो. तिच्या सासूने नाक मुरडलं. "असा कसा बाप? लेक तापानं फणफणते आन् हा गंमतीत उभा." नणंदेने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो दिवस आणि दुसरा दिवस मी तिच्या उशाशी बसून काढला. ओल्या फडक्याच्या घड्या, पेज, वेळेवर गोळी. पोटातलं हलत नव्हतं म्हणाली. मी माझा हात तिच्या पोटावर ठेवून बसले होते आणि देवाला नाही नाही ते कबूल करत होते. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तिला दरदरून घाम फुटला, ताप उतरू लागला, आणि माझ्या तळव्याखाली एक लाथ बसली. चांगली सणसणीत. मी ओरडलेच.

मामाजी तिसऱ्या दिवशी आले. तोवर घरी आणि घाटावर लोक येतच होते, कपड्यांत बांधून, डब्यांत घालून गोळ्या परत देत होते, आणि ते एका जागी बसून घेत होते, हे मला डोंगेवाल्याकडून कळलं होतं. मामाजींचा चेहरा पार ओढलेला. दाराशी थांबले. आत यायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं, असं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मी म्हटलं, "मामाजी, ताप उतरला. लेकरू हलतंय." ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. पट्टीच्या खालून पाणी ओघळलं. ते औषधाचं नव्हतं.

"बाई," त्यांनी लेकीला हाक मारली.

तिने मान वळवली नाही. "आता आले?" म्हणाली. "मी बाबा बाबा करून राहिली होती. माझं पोट धरून. आन् तुम्ही दुनियेले गोळ्या चाखून दाखवून राहिले होते. दुकानच तुमची लेक. मी कोण तुमची?"

मामाजी बाहेर ओसरीवर जाऊन बसले. मी पाणी दिलं तर गडू हातात धरून बसले, प्यायले नाहीत. मला दोघांनाही पोटाशी धरावंसं वाटत होतं, आणि सुनेला सासऱ्याला काय धरता येतं!

थोड्या वेळाने अंगणाच्या कुडापाशी एक बाई येऊन उभी राहिली. काखेत लेकरू, हातात चिंधी. तिच्या मागे आणखी एक म्हातारा, मग दोघी तिघी. "पवनीचे दुकानवाले इथं आले म्हणते," ती बाई म्हणाली. "ह्या कडू नाही लागून राहिल्या. कोणाजवळ द्यायच्या?"

नणंदेच्या सासूचा चेहरा काळाठिक्कर पडला. आपल्या अंगणात, व्याह्याच्या खोट्या गोळ्या, गावासमोर! ती लगबगीने पुढे झाली. "इथं काही नाही. पवनीले जा. दुकान तिकडं हाय."

मामाजी उठू पाहत होते. काठी हाताला लागत नव्हती. बाई तशीच घुटमळत उभी, काय करावं तिला कळेना.

आतून खाट करकरली. मी धावले, पण तिने माझा हात बाजूला केला. पोटावर एक हात, भिंतीला दुसरा, केस विस्कटलेले, पाय लटपटत, अशी माझी नणंद ओसरीवर आली. बापाकडे पाहिलंही नाही. त्यांच्या शेजारी टेकली, पदर पसरला आणि त्या बाईला म्हणाली, "इकडे आण माय. माझ्याच बापाचं दुकान हाय ते."